फोनचंही परिमाण ठरवूया



माझा फोन सहा वर्षांचा झालाय. लग्नकार्यात कुणी तो बघितला की हमखास ऐकावं लागतं, "वहिनी, आता तरी नवा घ्या!" पण चालती वस्तू का बदलायची? परिग्रह-परिमाण काही फक्त सोन्या-साड्यांपुरतं नसतं.

फोनच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट असतो. जगातला निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. पाणी गाळून पिणाऱ्या घरांनी याचाही विचार करायला हवा.

फोन मंद झाला की बहुतेक वेळा दोष भरलेल्या जागेचा किंवा थकलेल्या बॅटरीचा असतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' उघडा, मोठे व्हिडिओ काढून टाका आणि फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. बॅटरीचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. आपल्या उदगीरचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. फोन गॅसच्या ओट्याजवळ किंवा स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. चार्जिंग शक्यतो 20 ते 80 टक्क्यांत ठेवा. तरीही टिकत नसेल तर चांगल्या दुकानातून बॅटरी बदलून घ्या. नव्या फोनपेक्षा खर्च कितीतरी कमी येतो. फुगलेली बॅटरी मात्र एक दिवसही वापरू नका.

कंपन्यांनीही साथ द्यायला हवी. युरोपात 20 जून 2025 पासून नव्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळण्याचा नियम आहे. आपल्या सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण असा सक्तीचा नियम आपल्याकडेही हवा.

जुनं जपायचं म्हणून हट्ट मात्र नको. कंपनीचे सुरक्षा अपडेट बंद झाले असतील तर त्या फोनवर बँक आणि यूपीआय ठेवू नका. तो प्रवचन-स्तवन ऐकायला, अलार्मला ठेवा. अगदीच निकामी झाला तर त्यातली माहिती पुसून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, भंगारात नको.

नवा फोन गरजेपोटी घेतला तर त्यात कमीपणा नाही. पण शेजारणीने घेतला म्हणून घेतला, तर तो परिग्रहच. पर्युषणाआधी कपाट आवराल तेव्हा बंद पडलेले फोनही मोजा, आणि घरात किती फोन पुरेत ते सगळ्यांनी बसून ठरवा.