पडदा भरण्यासाठी माणसं ताणू नका

बारामती-इंदापूर भागात घराघरांतल्या कपाटांत लग्नाच्या कॅसेटी अजून पडून आहेत. 2000 नंतरच्या दशकात इथल्या व्हिडिओवाल्यांच्या हाती मिनीडीव्ही कॅमेरे आले. त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘वाइड’ चित्रणाची सोय होती. आता घरातली मुलं त्या कॅसेटी संगणकावर घ्यायला निघाली आहेत आणि त्यांना हमखास एक सल्ला मिळतो: आकाराचं एवढं काय, टीव्हीचा पडदा काठोकाठ भरला म्हणजे झालं. कन्हेरीतल्या एका लग्नाचं असं ‘भरलेलं’ चित्रण मी पाहिलं आहे. नवरीचा चेहरा परातीसारखा पसरलेला, वऱ्हाडातली सडसडीत माणसं आडवी सुजलेली. हे चित्रण मिक्सिंगवाल्याने पूर्ण पैसे घेऊन दिलेलं होतं.

हा सल्ला देणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक कुरकुरतं. एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळं बघायला का, असं विचारतं. आकार जरा बदलला तर कोणाच्या लक्षात येतं, हाही त्यांचा अनुभव आहे. पण लक्षात न येणं म्हणजे चूक नसणं नव्हे. ज्या आजीचा फोटोसुद्धा घरात नाही, ती त्या कॅसेटमध्ये दोन मिनिटं चालताना दिसते. नातवंडं तिला पहिल्यांदा पाहतील ती तिथेच, आणि तिची चण तशीच होती असं धरून चालतील.

दुसरं मत याहून घातक आहे. ‘वाइड’मधली कॅसेट संगणकावर घेतली की कधी कधी माणसं उभट, काटकुळी दिसतात. लगेच निकाल दिला जातो की शूटिंगच बिघडलंय, कॅसेट टाकून द्या. वास्तविक शूटिंगला काहीही झालेलं नसतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या मिनीडीव्हीत चित्र नेहमी 720 बाय 576 ठिपक्यांचंच असतं, मग ते 4:3 असो की 16:9. वाइड चित्रण करताना कॅमेरा तेच ठिपके वापरतो आणि सोबत एक खूण नोंदवतो की दाखवताना हे रुंद करा. खूण वाचली गेली तर चित्र 1024 बाय 576 च्या प्रमाणात उलगडतं. नाही वाचली तर 768 च्या रुंदीत कोंबलं जातं, म्हणजे प्रत्येक माणसाची पाव रुंदी जाते. उलट 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणलं तर माणूस एक तृतीयांशाने फुगतो. कन्हेरीच्या त्या नवरीचं झालं ते हेच.

घोडं पेंड खातं ते कॅसेट संगणकात घेताना. कॅमेरा फायरवायरच्या वायरीने जोडला तर कॅसेटवरचा मजकूर खुणेसकट जसाच्या तसा येतो. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरीने आणि स्वस्तातल्या कॅप्चर डबीने घेतला, तर ती खूण बहुधा वाटेतच गळते. जुन्या विंडोज मूव्ही मेकरमध्ये तर प्रकल्प आपणहून 4:3 धरला जाई. 16:9 हवं असेल तर पर्यायांत जाऊन निवडावं लागे. ज्याला हे ठाऊक नव्हतं त्याने कॅमेऱ्याला दोष दिला.

पडताळणी कोणालाही करता येते. चित्रात गोल वस्तू शोधा. आपल्या भागात ट्रॅक्टरशिवाय वरात नाही. तो समोरून आडवा जात असेल तर मागचं चाक बघा. चाक उभट अंड्यासारखं दिसलं तर चित्र दबलेलं आहे, आडवं पसरलं तर ताणलेलं. व्हीएलसीमध्ये ‘ए’ची कळ दाबत गेलं की प्रमाणं बदलत जातात, चाक गोल झालं की थांबा. ते प्रमाण मग संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपच्या गुणधर्मात भरा. शॉटकटसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे. मूळ फाइलच्या एकाही ठिपक्याला हात लावावा लागत नाही.

ताणायचं नाही तर कापा, म्हणणारेही आहेत. 4:3 चं चित्र वरून-खालून छाटून 16:9 केलं की पडदा भरतो आणि माणसंही बेढब होत नाहीत, हे खरं. पण 576 ओळींतल्या 144 ओळी, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा, त्यासाठी फेकावा लागतो. तुकोबांची पालखी काटेवाडीला येते तेव्हा मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. त्या चित्रणाच्या वरच्या कडेला पताका असतात आणि खालच्या कडेला धावते खूर. यातलं काय फेकायचं? लग्नात वर फेट्याचा तुरा जाईल, खाली सप्तपदीची पावलं. कडेच्या काळ्या पट्टीने यातलं काहीच जात नाही. व्हीएचएसच्या काळातलं चित्र 4:3 होतं, ते तसंच दिसायला हवं.

आता मोबाईलवर सगळं निघतं, जुन्या कॅसेटींचं एवढं काय, हा आक्षेप मला सर्वांत खटकतो. कन्हेरीच्या मारुतीपुढे पवार कुटुंबाच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं फुटत आला आहे. त्याची चित्रणं वाहिन्यांकडे आहेत, वर्तमानपत्रांकडे फोटो आहेत. त्याच गावातल्या एखाद्या घरच्या हळदीची, जागरण-गोंधळाची नोंद मात्र त्या एका कॅसेटशिवाय कुठेही नाही. तिची डीव्हीडी करून झाली म्हणून कॅसेट टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की डीव्हीडीत चित्र बारकावे गाळून आणखी दाबलेलं असतं, आणि तिच्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेलं त्याहूनही.

मिनीडीव्हीच्या एका तासाला साधारण 13 जीबी जागा लागते. 1 टीबीच्या डिस्कवर अशा सत्तर कॅसेटी सहज मावतात. म्हणजे जागा नाही ही सबब उरत नाही. अडचण आहे ती चालू कॅमेऱ्याची. नव्या लॅपटॉपला फायरवायर नसतं, आणि बुरशी धरलेली फीत कॅमेऱ्याच्या हेडलाही खराब करते. म्हणून हे काम पुढच्या लगीनसराईवर ढकलू नये. ज्याच्याकडे जुना कॅमेरा आणि फायरवायरचा संगणक आहे, त्याच्याकडून आधी मूळ फाइल काढून घ्यावी आणि ती दोन डिस्कवर ठेवावी. गाणी, फुलांच्या चौकटी, कापाकापी जे काय करायचं ते तिच्या नकलेवर करावं. मिक्सिंगवाल्यांनी तयार व्हिडिओसोबत मूळ फाइलही द्यावी, डिस्कवर 4:3 की 16:9 ते लिहावं, आणि गिऱ्हाइकाने पैसे चुकते करण्याआधी त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच पडद्यावर ट्रॅक्टरचं चाक बघून घ्यावं.