पाऊस, पाला आणि फ्यूज

रात्रीचे अडीच. बाहेर धो धो पाऊस आणि आमच्या लोणी काळभोरच्या सोसायटीत एक गाडी आपणहून हॉर्न वाजवत सुटलेली. सलग, न थांबता. पाचव्या मिनिटाला ग्रुपवर मेसेज आला, 'कुणाची आहे ही?' सातव्या मिनिटाला मी गॅलरीतून वाकून बघितलं आणि घाम फुटला. माझीच!

खाली धावलो. चावी फिरवली, रिमोट दाबला, बॉनेटवर दोन थापडाही मारल्या. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या काकांनी छत्री धरली आणि मी बॅटरीचा निगेटिव्ह काढला. शांतता. काका म्हणाले, "गाडीला भूत लागलंय." हसलो आणि वर जाऊन झोपलो. खरं तर तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

थोडं बॅकग्राउंड. मगरपट्ट्यात नोकरी, पण तिथे घर घेणं आपल्या बजेटच्या बाहेर. म्हणून सोलापूर रोडने पुढे सरकत सरकत लोणीला टू बीएचके. गाडी सेकंडहँड हॅचबॅक, पार्किंग ओपन, पण वर छान कडुनिंब. उन्हाळ्यात सगळे माझ्या त्या सावलीवर जळायचे. त्या सावलीचं भाडं मी पावसाळ्यात भरणार होतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हॉर्नच्या प्रकरणानंतर आठवडाभर बारीकसारीक चाळे चालू होते. वायपर मधेच एक फेरी मारून यायचा. दार उघडं असल्याचा दिवा दार बंद असतानाही पेटायचा. एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास. मी काय केलं? परफ्यूमची नवी बाटली आणून डॅशबोर्डवर चिकटवली. आपण आयटीवाले, सिम्प्टम म्यूट करण्यात एकदम एक्स्पर्ट!

मग तो शुक्रवार आला. आईला हडपसरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. परत येताना शेवाळवाडी मागे टाकली आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. पुढे एक टँकर, मागे एक टँकर. लोणीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत, त्यामुळे या रस्त्यावर टँकरची काही कमी नाही. आणि अचानक समोर काळोख. हेडलाइट गेले, वायपर अर्ध्यात थांबला. हझार्डचं बटण दाबलं, तर तेही मेलेलं. आई म्हणाली, "अरे, दिवा लाव की!"

अंदाजाने डावीकडे घेतली. चाकं कच्च्या साइडपट्टीवर उतरल्याचं जाणवलं तेव्हा कुठे श्वास घेतला. काच खाली करायला गेलो, तर काचही हलेना. आई मात्र ग्रेट. मागे वळून, सीटवर गुडघे टेकून तिने मोबाईलचा टॉर्च मागच्या काचेला लावून धरला. कशाला? "मागच्याला दिसायला नको का आपण?" डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, तिला स्वतःला धड दिसत नव्हतं. वीस मिनिटं ती तशीच बसली होती. मागून येणारा प्रत्येक टँकर ऐन वेळी उजवीकडे वळत होता आणि दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडत होता.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावून निकाल दिला : बॉडी कंट्रोल मॉड्युल बदला, अठ्ठावीस हजार. म्हणजे दिवे, वायपर, लॉक, काचा यांना हुकूम सोडणारा डबा. पाणी आत आलं कुठून, असं विचारलं तर उत्तर, "सर, पावसाळा आहे." थँक्यू!

मग लोणी स्टेशनच्या चौकाजवळच्या वायरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी कॉम्प्युटर नाही, चपला काढल्या. डावीकडचं रबरी मॅट उचललं आणि कार्पेटवर टाच दाबली. पचाक! खालच्या फोममधून पाणी वर आलं. "साहेब, गाडी आहे की माठ?"

नंतर त्यांनी बॉनेट उघडून वायपरखालची, काचेच्या पायथ्याची ती काळी प्लास्टिकची पट्टी सोडवली. खाली एक पन्हाळ असते, हे मला सात वर्षं गाडी चालवून माहीत नव्हतं. समोरच्या काचेवरचं सगळं पाणी तिथे जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे निघून जातं. माझ्या पन्हाळीत कडुनिंबाच्या पाल्याचं अस्सल कंपोस्ट तयार झालं होतं. भोकं बंद, मग पाणी चढणार. एसीची हवा आत घेणारी खिडकी तिथेच, आणि वायरिंगचा जुडगा आत नेणारं रबरही तिथेच. वाट सापडली की पाणी वायरीला धरून उतरतं, ते थेट फ्यूज बॉक्सपर्यंत.

आता थोडा सायन्सचा फंडा. स्वच्छ पावसाचं पाणी विजेचं तसं कच्चं वाहक. पण गाडीतली धूळ, क्षार त्यात विरघळले की ते मस्त वाहक होतं. कनेक्टरमधल्या तांब्याच्या पिनांना सतत बारा व्होल्ट मिळत असतात, त्या झिजायला लागतात आणि हिरवा थर धरतात. थर म्हणजे अडथळा, अडथळा म्हणजे गरम होणं आणि व्होल्टेज पडणं. सेन्सर बिचारे पाचेक व्होल्टवर चालणारे, त्यांना चुकीचा निरोप जातो. माझ्या हॉर्नचं भूत हेच होतं. तोवर फ्यूज उडायला नको होता का? हवा होता. पण आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टिम बसवताना दहा अँपिअरच्या जागी तीसचा फ्यूज ठोकला होता, आणि वायरींना नुसती टेप. पावसाळ्यात टेपचा गोंद सुटतो, बॉस. जोड हवाच असेल तर तो गोंद असलेल्या हीट-श्रिंक नळीत घ्या. आणि वायर कनेक्टरच्या खाली एक झोका देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोक्याच्या तळाशीच गळून जातो.

काकांनी आणखी एक गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली. मे महिन्यात मी वॉशिंग सेंटरला इंजिन चकाचक करून घेतलं होतं. प्रेशरच्या फवाऱ्याने. कनेक्टरची रबरी सील पाऊस झेलण्यासाठी असतात, अंगावर सोडलेल्या जेटसाठी नाहीत. इंजिन पुसायचं असेल तर ओलसर फडकं पुरे.

तर मंडळी, पुढच्या रविवारी अर्धा तास काढा. पट्टीखालचा पाला हाताने काढा आणि एक तांब्या पाणी हळूहळू ओता. ते चाकामागून लगेच खाली यायला हवं. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या भोकांनाही हीच परीक्षा. एसी दहा मिनिटं चालवून गाडीखाली बघा, थेंब पडत नसतील तर ते पाणी बहुतेक तुमच्या कार्पेटमध्ये चाललंय. दारांच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात, ती आगकाडीने मोकळी करा. अँटीरस्ट कोटिंग करणारे उत्साहाच्या भरात तीच बुजवून टाकतात. आणि मॅट उचलून टिश्यू दाबा. वरून सगळं कोरडं ठाक असतं, म्हणून तर फसतो आपण.

कार्पेट ओलं निघालंच तर परफ्यूम नाही, पंखा. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर हात लावू नका, ते एअरबॅगचे. सीट काढण्याचं काम जाणकाराकडेच द्या.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं गळतीचं, पुराचं काय? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये अडकून गेली. २५ जुलै २०२४ ला आपल्याच सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं की मागे फिरा. अडकलातच तर वीज आहे तोवर आधी काच खाली घ्या आणि पट्टा सोडा, बाकी सगळं नंतर. बुडालेली गाडी 'बघू तरी' म्हणून स्टार्ट करू नका. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. शिवाय अशा वेळी इंजिनचा क्लेम सहसा नाकारतात, 'इंजिन प्रोटेक्ट' घेतलंय का ते पॉलिसीत आजच बघा. ऑफिसमधला एक ईव्हीवाला परवा म्हणाला, माझी बॅटरी आयपी ६७ आहे. आहे ना, एक मीटर पाण्यात अर्धा तास, टेस्टच्या टाकीत. पण दिवे आणि लॉक चालवणारी बारा व्होल्टची बॅटरी आणि फ्यूज बॉक्स त्याच्याही गाडीत आहेतच की.

माझं मॉड्युल शेवटी बदलावं लागलं नाही. पिना साफ केल्या, सुकवल्या, सीलना सिलिकॉन ग्रीस लावलं, फ्यूज पुन्हा दहाचा, कार्पेट दोन दिवस टेबलफॅनसमोर. साडेचार हजार. आता दर रविवारी मी पट्टीखालचा पाला काढतो आणि आई तो गॅलरीतल्या तुळशीला खत म्हणून घालते. पार्किंग बदलून घे, असं काका म्हणत होते. पण मे महिन्यातली ती सावली कोण सोडणार?