बंद पडलेले यंत्र आणि बंद ठेवलेले ज्ञान

अमेरिकेतील मध्यमवर्गीय घरात कपडे वाळविण्याचे यंत्र ही चैनीची वस्तू मानली जात नाही. बर्फाळ प्रदेशांत हिवाळ्यात दोरीवर कपडे वाळण्याइतके ऊन नसते. आणि जेथे ते मुबलक आहे, तेथेही अंगणात धुणे वाळत घालण्यास मनाई करणारे नियम कित्येक वसाहतींनी करून ठेवले आहेत. गॅलरीतल्या दोऱ्या आणि पावसाळ्यात घरभर पसरलेले ओले कपडे यांची सवय घेऊन न्यू जर्सीत स्थायिक झालेले मराठी कुटुंबही काही दिवसांत या यंत्रावर विसंबू लागते. अशा घरात एके सकाळी कळ दाबावी आणि यंत्राने हूं की चूं करू नये, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. पाहू गेल्यास ही एक क्षुल्लक घरगुती अडचण. परंतु ग्राहक, कारखानदार आणि कायदा यांच्या परस्परसंबंधांविषयी ती बरेच काही सांगून जाते.

यंत्र सुरू होत नाही, याचा अर्थ ते संपले असा नव्हे. बहुधा एखादा लहानसा दुवा तुटलेला असतो. प्रथम पाहायचे ते वीज येते की नाही. अमेरिकेतील विजेवरच्या यंत्राला २४० व्होल्टचा पुरवठा लागतो. तो दोन तारांमधून येतो, आणि घराच्या फलकावरील जोड-ब्रेकर पडला की यंत्र मुके होते. दारालगत एक खटका असतो. दार पूर्ण मिटून तो दाबला गेल्याखेरीज मोटारीला वीज मिळत नाही. हा खटका झिजणे ही तर नित्याचीच गोष्ट. काही यंत्रांत पिंप फिरविणारा पट्टा तुटला की दुसरा एक खटका मोटार बंद ठेवतो. कळ दाबल्यावर नुसती घरघर ऐकू येत असेल, तर वीज मोटारीपर्यंत पोहोचली आहे, पण मोटार अडकली वा बिघडली आहे, असे अनुमान निघते. काहीच ऐकू येत नसेल, तर वाटेत कोठे तरी प्रवाह खंडित झालेला असतो. हे निदान करण्यास साधा मल्टिमीटर आणि थोडे तर्कशास्त्र पुरते. मात्र यंत्र उघडण्यापूर्वी त्याची वीज तोडलीच पाहिजे, आणि गॅसवर चालणाऱ्या यंत्रातील गॅसची जोडणी जाणत्या कारागिराकडेच सोपविली पाहिजे.

या दुव्यांमध्ये सर्वांत बोधप्रद आहे तो उष्णतेने तुटणारा फ्यूज. यंत्रातील हवा प्रमाणाबाहेर तापली की तो वितळतो आणि कित्येक यंत्रांत मोटारीचा प्रवाहच थांबवितो. एकदा तुटला की तो पुन्हा जुळत नाही, बदलावाच लागतो. त्याची किंमत यंत्राच्या किंमतीच्या मानाने नगण्य असते. परंतु नवा फ्यूज बसवून काम संपत नाही. तो तुटला याचे कारण बहुधा असे असते, की कपड्यांतून झडणारे तंतू जाळीत आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळीत साचून वाट बुजलेली असते. नळी साफ न करता फ्यूज बदलणारा काही दिवसांनी पुन्हा तेथेच येतो. आणि फ्यूज वगळून तारा परस्पर जोडणारा तर घराला आगीच्या तोंडी देतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या तीन वर्षांसाठी दिलेल्या अंदाजानुसार, अशा यंत्रांमुळे निवासी इमारतींत दरसाल सुमारे २,९०० आगी लागल्या. त्यांचे सर्वांत मोठे कारण, म्हणजे सुमारे ३४ टक्के आगींचे, यंत्र साफ न ठेवणे हेच होते.

कारखानदारांचा युक्तिवाद येथूनच सुरू होतो. विजेचे यंत्र अडाण्याच्या हाती दिल्यास अपघात होईल, म्हणून नकाशा, सुटे भाग आणि दुरुस्तीची पद्धत केवळ अधिकृत कारागिरांपुरती राहावी, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही, असे नाही. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. ज्याला फ्यूज का तुटतो हे ठाऊक नाही, तोच तो वगळून तारा जोडतो. धोका ज्ञानातून उद्भवत नाही, अर्धवट ज्ञानातून उद्भवतो. आणि ज्ञान अर्धवट ठेवण्याची जबाबदारी ते दडवून ठेवणाऱ्यावर येते. शिवाय अनेक जुन्या अमेरिकी यंत्रांच्या पोटातच विद्युत्‌जोडणीचा नकाशा घडी करून ठेवलेला असे. तेव्हा जे देता येत होते, ते आजच देणे धोक्याचे कसे झाले, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

युरोपीय संघाने या प्रश्नाला कायद्याने हात घातला. वस्त्रे वाळविण्याच्या यंत्रांसंबंधीचे नवे नियम १ जुलै २०२५ पासून लागू झाले असून त्यांनुसार महत्त्वाचे सुटे भाग दीर्घकाळ उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. त्याआधी २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत झाला. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्तीयोग्य आहेत, याचे गुणांकन छापणे सक्तीचे केले. अमेरिकेत मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२३ मध्ये केलेल्या कायद्यांत घरगुती उपकरणांचाही समावेश आहे.

भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. आरंभ म्हणून हे स्वागतार्ह आहे. परंतु कंपन्या स्वखुशीने जे देतील तेवढेच ग्राहकाला मिळणार असेल, तर त्याला हक्क म्हणता येत नाही, ती मेहेरबानी ठरते. आपल्याकडे कपडे वाळविण्याची यंत्रे थोडी असली, तरी धुलाई यंत्र, मिक्सर, पंखा आणि पंप घरोघरी आहेत. ते दुरुस्त करणारा कारागीर गल्लोगल्ली आजही भेटतो. जे पाश्चात्त्य देशांनी गमावले आणि आता कायदे करून परत आणू पाहत आहेत, ते येथे अद्याप शिल्लक आहे. मात्र नव्या यंत्रातील सीलबंद सर्किट बोर्डापुढे त्या कारागिराचा अनुभव हतबल होतो. तो बोर्ड बदलायचा, तर किंमत परवडत नाही. उघडायचा, तर नकाशा मिळत नाही.

म्हणून निश्चित मुदतीपर्यंत सुटे भाग वाजवी किंमतीत मिळणे, दुरुस्तीची पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत खुली असणे, आणि स्वतंत्र कारागिराने काम केले एवढ्यावरून हमी रद्द न होणे, या तीन गोष्टी कायद्याने बांधून दिल्या पाहिजेत. त्याच वेळी धोकादायक कामांसाठी प्रशिक्षणाची अट घालण्यास कोणाची हरकत असू नये. आपले यंत्र का थांबले हे ज्याला समजू दिले जात नाही, त्याने पूर्ण किंमत मोजूनही ते भाड्यानेच घेतलेले असते.