गाडीचा रंग, पोराची छाती

रात्री दोनच्या सुमारास खोकला सुरू होतो आणि पहाटेपर्यंत छाती आवळून येते. सकाळी मुलगा उठतो, चहा पितो, गॅरेजला जातो. रविवारी त्याला बरे वाटते. जयंतीला चार दिवस गावी गेला तर अगदीच बरे वाटते. आई म्हणते, मुंबईची हवा. दवाखान्यात विचारतात, बिडी-सिगारेट ओढतोस का? मग बेडका तपासतात, क्षय निघत नाही, खोकल्याची बाटली देऊन घरी पाठवतात. "काम काय करतोस?" हे कोणी विचारत नाही.

आम्हीही विचारत नव्हतो. नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात उभे राहिलो, हजारो केसपेपर हातांखालून गेले आणि व्यवसायाच्या रकान्यात आम्ही 'मजुरी' लिहून मोकळे झालो. वस्तीत काम करायला लागल्यावर कळले की 'मजुरी' म्हटले तरी त्यात शंभर कामे असतात आणि प्रत्येक काम शरीराच्या वेगळ्या जागी जाऊन बसते.

नायगाव, परळ, लालबागपासून गिरगावपर्यंत आपली बरीच मुले मोटारीच्या डेंटिंग-पेंटिंगला आहेत. दहावी झाली नाही किंवा झाली आणि पुढे परवडले नाही, की ओळखीच्या उस्तादाकडे पाठवतात. पहिली दोन वर्षे पोऱ्या पुट्टी घासतो, पाना आणून देतो, चहा आणतो. मग पत्रा ठोकायला शिकतो. हात बसला की उस्ताद त्याच्या हातात स्प्रे गन देतो. त्या दिवशी मुलगा घरी पेढे आणतो. छातीचे दुखणेही बहुधा त्याच सुमाराला सुरू होते.

आताच्या गाडीचा चकचकीतपणा येतो तो टू-के रंगाने, म्हणजे रंगात ऐनवेळी हार्डनर मिसळून. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे रसायन असते. १९८४ साली भोपाळमध्ये जो वायू सुटला तो याच कुळातला. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. हार्डनरमधले रसायन त्या वायूसारखे चटकन हवेत उडत नाही. पण गनमधून त्याचा फवारा उडतो आणि तो श्वासात गेला की काही जणांचे शरीर त्याला कायमचे वैरी मानते. यालाच कामामुळे झालेला दमा म्हणतात. कधी काही आठवड्यांत होतो, कधी काही वर्षांनी. एकदा झाला की मग अगदी थोड्या फवाऱ्यानेही श्वास अडतो आणि शिकलेले काम सोडावे लागते. ब्रिटनमध्ये मोटारीला रंग मारणाऱ्या कामगारांना असा दमा होण्याचा धोका तिथल्या इतर कामगारांच्या सुमारे ८० पट असल्याचे तिथली सरकारी यंत्रणा सांगते. तिथे बंद बूथ असतो, बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क असतो, कामगाराची लघवीही तपासतात. आपल्याकडे पावसाळ्यात फवारा उडू नये म्हणून गल्लीत गाडीभोवती ताडपत्री लावतात आणि मुलगा त्या ताडपत्रीच्या आत तोंडाला रुमाल बांधून उभा असतो.

रुमालाने काहीही अडत नाही. कोविडनंतर घराघरात पडलेला एन-९५ मास्क पुट्टी घासताना उडणारी धूळ अडवतो, तिथे तो जरूर वापरावा. थिनर आणि रंगाची वाफ मात्र त्यातून आत जाते. तिच्यासाठी कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. त्यातही एक मेख आहे. थिनरचा वास येतो, पण आयसोसायनेटचा धोक्याच्या पातळीलाही वास येत नाही. त्यामुळे डबी निकामी झाली हे नाकाला कळत नाही, म्हणून हवेच्या नळीचा मास्क सर्वांत चांगला. तो महाग आहे, छोट्या गॅरेजवाल्याला जड जातो, हे आम्हाला माहीत आहे. पण कॉम्प्रेसर, गन, पॉलिश मशीन घेताना उधार-उसनवार होतेच ना?

इतके वाचून एखादी आई म्हणेल, मग नकोच ते काम. आमचे मत तसे नाही. हे काम चांगले आहे. शहरात गाड्या वाढताहेत, ठोकर रोज लागते, विम्याच्या पैशावर दुरुस्ती होते. कंपन्यांच्या मोठ्या वर्कशॉपना शिकलेले हात हवे असतात. रंग जुळवणे ही तर कलाच आहे. एकाच पांढऱ्याच्या कितीतरी छटा असतात आणि ऊन पाहून रंग मिसळावा लागतो. आपल्या घरांत अजून अशी समजूत आहे की शिक्षण म्हणजे बीए. हात काळे होणारे काम म्हणजे मागे जाणे. बीए करून तीन वर्षे घरी बसलेली मुलेही आम्ही त्याच चाळींत पाहतो. मुलींचा तर या कामासाठी विचारही होत नाही. रंगकामाला लागते ती नजर आणि सावकाशी, दंडाची ताकद नव्हे.

आमचे भांडण आहे ते काम कसे शिकवतात याच्याशी. उस्तादाकडे शिकलेल्या मुलाला हात मिळतो, कागद मिळत नाही आणि मास्कची सवयही लागत नाही. उस्तादालाही कोणी शिकवली नव्हती. दहा वर्षे काम करूनही मोठ्या वर्कशॉपच्या दारात त्याची किंमत हेल्परची. आयटीआयमध्ये 'मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर' आणि 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' असे एकेक वर्षाचे दोन व्यवसाय आहेत, हे किती घरांना ठाऊक आहे? फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या पुढे आपले फॉर्म जात नाहीत. सगळ्याच संस्थांमध्ये हे व्यवसाय नसतात, त्यामुळे प्रवेशाच्या पोर्टलवर नीट शोधावे लागते. राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के जागा आहेत. जातीचा दाखला दहावीच्या निकालाआधीच काढून ठेवावा. आयटीआयनंतर १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनावर काम शिकता येते. रेल्वेची लोअर परळ आणि माटुंग्याची वर्कशॉप आपल्या दारात आहेत आणि तिथे शिकाऊ उमेदवार घेतात. जी मुले आधीच गॅरेजात काम करतात त्यांच्यासाठी आधीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य विकास योजनेत आहे, तीही विचारून घ्यावी.

आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला गॅरेजात अजिबात पाठवू नये. १९८६च्या बालकामगार कायद्याच्या परिशिष्टात मोटारदुरुस्तीतले वेल्डिंग, डेंट ठोकणे आणि रंगकाम नावानिशी आले होते, ते उगाच नाही.

'हे काम कोणी करायचे' हा प्रश्न या भागाला नवा नाही. परळ-लालबागच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता आणि तिथे आपल्या लोकांना घेत नसत. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. आपल्या माणसांच्या वाट्याला कमी पगाराचे रिंग खाते. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. देशातल्या आयटीआयची योजना १९५० साली ज्या संचालनालयाने सुरू केली, ते १९४५ साली त्यांच्याच मजूर खात्यात उभे राहिले होते. आज गॅरेजात विटाळ कोणी बोलून दाखवत नाही. पण मोठ्या वर्कशॉपच्या बूथमध्ये कोण उभे आहे आणि गल्लीतल्या ताडपत्रीच्या आत कोण, हे एकदा मोजून पाहावे.

कायद्याचेही तसेच. १९४८च्या कारखाने कायद्यात कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांच्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा होती. पण चार माणसांचे गॅरेज कारखान्यात मोडत नाही, तिथे ईएसआय नसते, त्यामुळे परळचे कामगार रुग्णालय हाकेच्या अंतरावर असूनही या मुलांना ते बंद. त्यांना केईएमच्या रांगेत उभे राहावे लागते. तिथे तरी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे: मी गाडीला रंग मारतो, हार्डनर वापरतो, रात्री खोकला येतो, सुट्टीत थांबतो. हे एक वाक्य दहा तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते. काहीशे रुपयांत पीक फ्लो मीटर मिळतो. दोन-तीन आठवडे, कामाचे दिवस आणि सुट्टी धरून, दिवसातून चार वेळा त्यात फुंकून आकडा वहीत लिहावा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. कामाच्या दिवसांत आकडा पडत असेल तर वेळ घालवू नये. या दम्यात फवाऱ्यापासून जितके लवकर दूर व्हावे तितकी छाती सावरण्याची आशा जास्त.

घरातल्या बायकांना एक वेगळी विनंती. मुलगा थिनर घरी आणतो, हात धुवायला किंवा डाग काढायला, आणि तो हमखास थंड पेयाच्या बाटलीत भरलेला असतो. लहान पोर पाणी समजून पिते. तसे झालेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीबरोबर थिनर फुप्फुसात जातो. बाटली सोबत घेऊन सरळ इस्पितळ गाठा.

सुरुवातीला ज्या मुलाबद्दल लिहिले, तो खरा आहे. सहा वर्षे गन चालवून त्याने हात कमावला होता. आता ऑपेरा हाऊसजवळ सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, पगार निम्म्यावर आला आहे. त्याचा धाकटा भाऊ यंदा दहावी झाला. आयटीआयच्या फॉर्मवर पहिला पर्याय काय लिहू, असे विचारायला त्याची आई आमच्याकडे आली होती. पोराला रंगकामच हवे आहे आणि तिचा जीव धजत नाही. आम्ही म्हटले, रंगकामच लिहा. फक्त लिहिण्याआधी त्या संस्थेत जाऊन या आणि स्प्रे बूथ उघडून दाखवायला सांगा. त्यातला पंखा चालू आहे की आत जुने बाक रचून ठेवलेत, तेवढे बघा.