मुंब्रा म्हणजे मुंबई नव्हे

लहान शहरात राहावे की मोठ्या, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा तेच लोक देतात ज्यांनी लहान शहर केव्हाच सोडलेले असते. पंधरा-वीस वर्षे मुंबईत किंवा पुण्यात काढली की त्यांना गावाचा सुकून आठवू लागतो. मग त्यावर लेख येतात. त्यात मोहल्ला असतो, मशिदीचा हौज असतो, नानीच्या हातचा शीरखुर्मा असतो, आणि सगळे सगळ्यांना ओळखत असतात. आपल्या विशेषांकांत असा एखादा लेख असतोच. या लेखांविषयी मला तक्रार आहे आणि ती मी मालेगावात राहून करते आहे.

हे लेखक गावी येतात केव्हा? ईदला. ईदला माग बंद असतात. ऐन त्या दोन-चार दिवसांत हे येतात, शांतता अनुभवतात आणि परत जातात. एरवी शुक्रवारची सुट्टी सोडली तर आमच्या मोहल्ल्यांत शांतता नावाची चीज नाही. मी ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते तिच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. फळ्याकडे तोंड करून बोलले तर शेवटच्या दोन बाकांपर्यंत आवाज पोहोचत नाही. येथल्या शिक्षकांचा आवाज उगाच मोठा नसतो. माझ्या मुंबईच्या खालाजान फोनवर विचारतात, ‘कुणाशी भांडत होतीस का?’ त्या मागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूस माझ्या विद्यार्थ्यांचा बाप आहे. मजुरी मीटरवर. वीज गेली की मजुरी गेली. लेखातला सुकून त्याने कधी पाहिलेला नाही.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करते. गाव सोडून जाणे हा गुन्हा आहे असे मी म्हणत नाही. आजचे मालेगाव बरेचसे उभे राहिले तेच गाव सोडून आलेल्या माणसांनी. १८५७ नंतर उत्तरेकडचे विणकर आपली घरे सोडून दक्षिणेकडे निघाले, त्यांतले पुष्कळजण येथे थांबले आणि त्यांनी हातमाग लावले. पुढे त्यांचे यंत्रमाग झाले. तेव्हा पोटासाठी निघालेल्या माणसाला नावे ठेवण्याचा आम्हाला हक्क नाही. माझा वाद आहे तो निघताना आणि निघाल्यावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींशी.

लहान शहराचे तोटे आधी सांगते, म्हणजे कोणी मला गावाची आंधळी वकील म्हणणार नाही. २०११ च्या जनगणनेत मालेगाव महानगरपालिकेची लोकसंख्या ४ लाख ८१ हजार होती. २००१ पासून येथे महानगरपालिका आहे. एवढ्या शहराला रेल्वे स्टेशन नाही; गाडी धरायची तर मनमाड गाठा. जिल्ह्याचे ठिकाण नाशिक, शंभर किलोमीटरवर. मालेगाव जिल्हा व्हावा ही मागणी माझ्या जन्माआधीची आहे. मी शाळेत शिकले, बी.एड. झाले, नोकरीला लागले; जिल्हा काही झाला नाही. परिणाम काय, तर कागदावर एक सही हवी असेल तर शिक्षकाची एक रजा आणि एसटीचे दोन्हीकडचे भाडे. शिक्षकाला पगारी रजा तरी असते. मागावरच्या माणसाने जिल्ह्याच्या कचेरीत एक दिवस घालवला तर त्या दिवशी त्याच्या घरात काय शिजते, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते.

आणि दवाखाना. २०२० च्या एप्रिलमध्ये मालेगाव कोरोनाचे केंद्र म्हणून देशभर गाजले. त्या महिन्यात अनेक खासगी दवाखान्यांची दारे बंद होती. कोरोनाने गेले त्यांची मोजदाद झाली. पण साखर, रक्तदाब, दमा, हृदयविकार असे जुने आजार घेऊन बसलेले, ज्यांना रोजचा डॉक्टर भेटला नाही, असेही पुष्कळ त्या दिवसांत बड्या कब्रस्तानात पोहोचले. मोठ्या शहरातही माणसे मेली, हे खरे. पण तेथे एक दार बंद असेल तर दुसरे ठोठावता येत होते. आमच्याकडे दारेच मोजकी.

फायदे नाहीत का? आहेत, आणि ते मी पुस्तकातून वाचलेले नाहीत. मुख्य फायदा एकच सांगते: चालत जाण्याएवढे अंतर. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी बहुतेकजणी शाळेत चालत येतात. दहावीनंतर त्या कॉलेजातही चालत किंवा दहा-वीस रुपयांच्या रिक्षाने जातात. येथे मुलींच्या शाळा आहेत, जामियातुस्सालिहातसारखी मुलींची जुनी दीनी संस्था आहे, मन्सूऱ्याला युनानी आणि इंजिनीयरिंग कॉलेज आहे. मुलीच्या शिक्षणाला ‘हो’ म्हणताना बाप अंतर मोजतो, हे आपण सारे जाणतो. त्याला लोकलचे दोन तास सांगितले असते तर यांतल्या निम्म्या मुली आठवीनंतर घरी बसल्या असत्या. दुसरा फायदा, मयत असो वा आजारपण, माणूस एकटा पडत नाही. कोरोनात मन्सूऱ्याच्या युनानी कॉलेजचा काढा घरोघर पोहोचला. औषध म्हणून त्याची किंमत तज्ज्ञांनी ठरवावी. तो दारापर्यंत आणून देणारा माणूस होता, एवढे मी पाहिले.

आता मोठ्या शहराकडे येते. माझ्या लेखाचे भांडण येथे आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक शहरांत राहतात. म्हणजे खेडे की शहर हा आपला प्रश्नच नाही. आपला प्रश्न लहान शहर की मोठे, हा आहे. इतरांसाठी मोठे शहर म्हणजे निवड असते. आज दादर, उद्या ठाणे, परवा कोथरूड. खिशाप्रमाणे आणि नोकरीप्रमाणे. आपला माणूस मालेगावहून, जालन्याहून, परभणीहून निघतो आणि सांगतो, मुंबईला चाललो. उतरतो कोठे? मुंब्र्याला. गोवंडीला. पुण्यात असेल तर कोंढव्याला. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे जिवाच्या भीतीने मुंब्र्याला गेली. मागून आलेल्यांनी तोच पत्ता धरला, कारण दुसरा पत्ता मिळत नव्हता. सच्चर समितीने २००६ मध्ये असुरक्षिततेतून बनलेल्या अशा वस्त्यांबद्दल लिहिले. काही बँका मुसलमान वस्त्यांना ‘नकारात्मक विभाग’ ठरवून कर्ज देत नाहीत, हेही लिहिले.

म्हणजे झाले काय? लहान शहराचा तोटा तसाच राहिला: तीच कोंडलेली गल्ली, तीच पाण्याची ओरड, तोच ‘कुणाचा मुलगा?’ हा सवाल. लहान शहराचा फायदा मात्र गेला. शाळा चालत जाण्याएवढी राहिली नाही, घर आपले राहिले नाही, बाप रात्री दहाला घरी येऊ लागला. आणि मोठ्या शहराचा जो खरा फायदा, तो पलीकडच्या उपनगरात राहिला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचे प्राण गेले. मोठ्या शहराच्या दारावर लटकत रोज जायचे आणि रोज परत यायचे, याला मी त्या शहरात राहणे म्हणत नाही. ज्यांना गोवंडी म्हणजे मुंबईच वाटते त्यांनी २००९ चा मुंबई मानव विकास अहवाल पाहावा. गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व विभाग त्यात सर्वांत खाली आहे. महानगरपालिका तीच आणि देवनारचे डंपिंग ग्राउंड मात्र यांच्या दाराशी!

मी बी.एड. करायला मालेगाव सोडले होते तेव्हा दोन मैत्रिणींसह खोली शोधत फिरले. नाव विचारले जाई. नावावर गाडी अडली नाही तर गाव विचारले जाई. ‘मालेगाव’ म्हटले की जागा नेमकी सकाळीच गेलेली असे. ८ सप्टेंबर २००६ च्या शुक्रवारी, शब-ए-बारातच्या दिवशी, आमच्या शहरात स्फोट झाले. मेले ते आमचे, आणि पकडले गेले ते नऊजणही मुसलमानच. न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले २०१६ मध्ये. या दहा वर्षांत मालेगावचे नाव घेऊन जो कोणी बाहेर पडला त्याला या नावाचे भाडे वेगळे द्यावे लागले. मोठ्या शहरात आपल्याला कोणी ओळखत नाही, तेथे माणूस मोकळा असतो, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारते की ही मोकळीक कोणत्या आडनावाला मिळते?

तरीही मोठ्या शहराचे एक देणे मी नाकारणार नाही. मुलगी पदवीधर झाल्यानंतरचे. आमच्याकडे मुलगी चालत कॉलेजात जाते खरी, पण त्या रस्त्यावर तिला ओळखणारे डोळे किती असतात! कोणत्या दुकानासमोर थांबली, कोणाशी बोलली, घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचते. आणि बी.एस्सी. झाल्यावर काय? शाळा, शिकवणी किंवा लग्न. मुंब्र्याहून लटकत का होईना, मुलगी ठाण्याच्या एखाद्या ऑफिसात जाते, आपला पगार आपल्या खात्यात घेते. माझ्या दोन विद्यार्थिनी तशा आहेत. त्यांना मी परत या म्हणणार नाही. सुकूनवर लेख लिहिणाऱ्या साहेबांनी या मुलींना विचारावे, गावाची आठवण येते का. येते, म्हणतील. परत येणार का विचारावे. मग त्या गप्प बसतील.

मग मी भांडते कोणाशी? भांडते मी पगारदारांशी. आमच्यातून जातो कोण? डॉक्टर, प्राध्यापक, ज्याच्या मुलाने बऱ्यापैकी कमावले तो. म्हणजे ज्याला कचेरीत उभे राहून ‘हे काम का झाले नाही?’ असे विचारता येते तोच जातो. मागावरचा राहतो. गेलेला माणूस रमजानमध्ये जकात पाठवतो, शाळेच्या खोलीला चंदा देतो, खोलीवर पाटी लागते. पाटीबद्दल माझे काही म्हणणे नाही. खोली आम्हाला हवीच होती. पण खोली बांधून देणारा माणूस त्या खोलीत शिकवायला, त्या शाळेच्या सभेत प्रश्न विचारायला नसतो. मालेगावचे कोरे कापड प्रक्रियेसाठी पाली-बालोतऱ्याला जाते. विणायचे आम्ही, रंग बाहेर चढणार आणि भावही बाहेर ठरणार. मुलांच्या बाबतीत आम्ही हेच चालवले आहे. २०२५ मध्ये आलेला ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ चित्रपट पाहून लोक आमच्या जिद्दीचे कौतुक करत होते. चित्रपट चांगलाच आहे. पण त्यातल्या लेखकालाही मुंबईच गाठावीशी वाटते.

राहिलेल्यांनाही मी सोडत नाही, आणि येथे मराठी वाचणाऱ्या आपल्या वाचकांपुढे एक गोष्ट उघड बोलायला हवी. आमच्या शहरातून मोसम नदी वाहते. एका काठावर बहुतांशी उर्दू, दुसऱ्या काठावर मराठी. अलीकडच्या काठावर जन्मलेला माणूस मराठीचे एक वाक्य न बोलता म्हातारा होऊ शकतो. लहान शहराची ही सोय आहे आणि हाच त्याचा सर्वांत मोठा दगा. मुंबईत हिंदीवर निभावते, नाशिकला निभावत नाही. तलाठ्यापासून जिल्ह्यापर्यंत कागद मराठीत. स्पर्धा परीक्षेचे बरेचसे वर्ग आणि पुस्तके मराठीत. माझ्या शाळेतला गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा मुलगा जिल्ह्याच्या ठिकाणी जातो आणि खिडकीसमोर तोंड उघडत नाही. आम्ही उर्दू शाळांनी मराठी हा विषय पास होण्यापुरता ठेवला. उर्दू माझी रोजीरोटी आहे आणि माझी जबान आहे, तिच्याविरुद्ध मी बोलत नाही. पण मराठी शिकवली तर उर्दू जाईल, या भीतीने आमच्या मुलांना गप्प केले आहे. पुलापलीकडच्या मराठी शाळांनी आमच्याकडे पाहिले नाही हे खरे. म्हणून आम्हीही पाहायचे नाही, हे कोणते शहाणपण?

सोडून जाणाऱ्याला मुंब्र्यात एका खोलीसाठी मोजावी लागते ती अनामत रक्कम ऐकली की मला नेहमी वाटते, एवढ्या पैशांत येथे दोन चांगले मराठी शिक्षक वर्षभर ठेवता येतील. संस्थाचालकांना हे मी बोलून दाखवले आहे. ते म्हणाले, बाजी, आधी छताचे बघू. छत गळते, हेही खरे.

सध्या शनिवारी शाळा सुटल्यावर नववीच्या बारा मुली थांबतात. आम्ही मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचतो. ‘ळ’वर अजून हसू येते. गेल्या महिन्यात त्यांनी शाळेच्या गल्लीत दिवे नाहीत म्हणून मराठीत अर्ज लिहिला. चार वेळा खोडला, पाचव्यांदा स्वच्छ लिहिला आणि दोघीजणी तो स्वतः कचेरीत देऊन आल्या. खिडकीवरच्या साहेबांनी विचारले, कोणी लिहून दिला? आम्ही लिहिला, त्या म्हणाल्या. शिक्का मारलेली पोच माझ्या कपाटात आहे. दिवे अजून लागलेले नाहीत. येत्या शनिवारी स्मरणपत्र लिहायचे आहे.