धूर दिसतो, संप्रेरक दिसत नाही

2019च्या फेब्रुवारीत ‘डासांची भूक मारणारी गोळी’ अशा थाटाच्या बातम्या जगभर झळकल्या. आपल्याकडील विज्ञानवार्तांनीही त्या उचलल्या, आणि नव्या चित्रासह त्या अजूनही अधूनमधून फिरत असतात. संशोधन खरे होते. तक्रार त्याविषयी नाही. तक्रार आहे ती, त्यातले काय आपण वाचकांपुढे ठेवले आणि काय गिळून टाकले, याविषयी.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील लॉरा डुव्हाल आणि लेस्ली व्हॉशल यांनी एडिस इजिप्ती या डेंग्यूवाहक डासाच्या मादीवर काम केले. पोटभर रक्त प्यायलेली मादी पुढील काही दिवस माणसाकडे फिरकत नाही. हा संयम न्यूरोपेप्टाइडांच्या, म्हणजे मज्जापेशींतून स्रवणाऱ्या लहान प्रथिनसाखळ्यांच्या इशाऱ्याने येतो. तो इशारा ओळखणारा ग्राही त्यांनी शोधला, अडीच लाखांहून अधिक रसायने चाळली आणि रक्ताविनाच मादीला तृप्त भासवणारे एक संयुग काढले. माणसाच्या भुकेशी निगडित न्यूरोपेप्टाइड वायच्याच कुळातला हा ग्राही. 2024 साली जॉर्जिया विद्यापीठातील गटाने दाखवले, की रक्त पिण्यापूर्वी एक पेप्टाइड मादीला माणसाकडे ओढते आणि रक्तानंतर दुसरे तिला आवरते.

हे सारे प्रयोगशाळेतले. बातमीने मात्र ते उद्याच्या बाजारातले करून टाकले.

आता मी जिथे राहतो तिथले. शोळिंगनल्लूरच्या एका अंगास पळ्ळिक्करणैची दलदल, दुसऱ्या अंगास बकिंगहॅम कालवा, आणि मध्ये काचेच्या इमारतींची रांग. पाणी टँकरने येते, म्हणून प्रत्येक इमारतीखाली भूमिगत टाकी, गच्चीवर टाकी, स्वयंपाकघरात पिंप. एडिसला दलदल नको. तिला हेच स्वच्छ, साठवलेले, सावलीतले पाणी हवे. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला, की संध्याकाळी धुराची गाडी येते. मुले मागे धावतात, बायामाणसे खिडक्या लावून घेतात, आणि एडिस, जी दिवसा चावते व घरात पलंगाखाली, कपड्यांमागे विसावते, ती त्या बंद खिडक्यांच्या आत सुखरूप असते. साथ भडकली असता बाधित डास झटपट मारण्यापुरता धुराचा उपयोग आहे, हे मी नाकारत नाही. पण आपण त्याला नित्यकर्म करून ठेवले आहे.

मादीच्या शरीरात काय घडते ते पाहा. कोषातून बाहेर पडल्यावर ज्युव्हेनाइल हॉर्मोन तिच्या अंडाशयाची आणि मेदपिंडाची तयारी करते; मग सारे थांबते. रक्त पोटात गेले, की मेंदूतून इन्सुलिनसदृश पेप्टाइडे आणि अंडाशयाला चेतवणारे आणखी एक संप्रेरक सुटते. अंडाशय एक्डायसोन बनवतो, त्याच्या सक्रिय रूपाने मेदपिंडात पीतकाची प्रथिने तयार होतात, आणि तीनेक दिवसांत शंभराच्या आसपास अंडी सिद्ध होतात. भूक आणि प्रजनन या तिच्या लेखी दोन गोष्टीच नाहीत. असले काम आपल्याला परकेही नाही. केरळातील के. के. नायर यांनी 1950च्या दशकात इफिटा लिंबाटा या ढेकूणवर्गीय कीटकाच्या मेंदूतील स्रावी पेशींचा अंडी घालण्याशी असलेला संबंध तपासला होता. कृषी महाविद्यालयांत शिकलेल्यांना हे नाव पाठ्यपुस्तकाच्या मुखपृष्ठावरून तरी आठवेल. विज्ञानवार्तांत ते मला कधी दिसले नाही.

या ज्ञानातून निघालेले औषध मुळी केव्हाचे हाती आहे. पायरीप्रॉक्सिफेन हे ज्युव्हेनाइल हॉर्मोनची नक्कल करते. कणभर पाण्यात टाकले, की अळी वाढते, कोष करते, पण त्यातून डास निघत नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केली आहे. 2009 साली पेरूतील इकिटोस येथे तर मादीनेच पायांना लागलेली भुकटी इतर भांड्यांपर्यंत पोचवल्याचे सिद्ध झाले.

मग अडते कुठे? अळ्या वळवळत राहतात, इथेच. पाहणीस आलेला माणूस पिंपात डोकावतो, जिवंत अळ्या पाहतो आणि औषध निकामी ठरवतो. परिणाम मोजायचा तर कोष गोळा करून किती डास निघाले ते मोजावे लागते. त्याचे छायाचित्र छापता येत नाही, धुराचे येते.

आणि वृत्तमाध्यमांनी या औषधाची दखल घेतली ती कधी? 2016च्या फेब्रुवारीत, ब्राझीलमधील अर्भकांच्या लहान डोक्यांचे खापर झिकाऐवजी पायरीप्रॉक्सिफेनवर फोडणारी अफवा पसरली तेव्हा. पुराव्याविना रिओ ग्रांदी दो सुल राज्याने वापर थांबवलाही. अफवेला मथळा मिळाला, खुलाशाला कोपरा.

संप्रेरकांचे भोळे भक्तही मला मान्य नाहीत. 1967 साली कॅरोल विल्यम्स यांनी लिहिले, की कीटकाला स्वतःच्याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिकार उभा करणे अवघड जाईल. 1980च्या दशकात फळमाशीत तसे उत्परिवर्तन सापडले आणि पुढे इस्रायलच्या कपाशीवरील पांढरी माशी पायरीप्रॉक्सिफेनला दाद देईनाशी झाली. म्हणूनच हे औषध धुरासारखे उधळण्याचे नाही. कुठल्या टाकीत, किती, किती दिवसांनी, याचा हिशेब ठेवून वापरण्याचे आहे.

विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांना माझा प्रश्न साधा आहे: न्यूयॉर्कमधील मादीची भूक मेल्याची बातमी देताना, आपल्या वॉर्डात गेल्या पावसाळ्यात किती कोषांतून डास निघाले हे कुणी मोजले का, असे तुम्ही एकदा तरी विचारले आहे काय? आमच्या इमारतीच्या भूमिगत टाकीचे झाकण तुटून तीन आठवडे झाले. टँकर उद्या सकाळी येतो आहे.