बगलेतला काटा

अ‍ॅस्ट्रोपेक्टेन पॉलिअकँथस हा वाळूत पुरून राहणारा, पाच हातांचा काटेरी तारामासा. म्युलर व ट्रोशेल या प्राणिशास्त्रज्ञांनी १८४२ मध्ये त्याचे वर्णन केले. तांबड्या समुद्रापासून हवाईपर्यंत तो आढळतो. भिवंडीच्या खाडीत मात्र त्याला शोधण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात खाडीकाठच्या कशेळी-काल्हेरकडे उल्हास नदीचे गोडे पाणी भरते, आणि अंगातल्या क्षारांचा तोल राखणे तारामाशांसारख्या कंटकचर्मींना जमत नाही. भिवंडीतल्या प्रयोगशाळांच्या बरण्यांत तारामासा दिसला, तर तो बाहेरच्या समुद्रातूनच आलेला असणार.

ओळख आधी अ‍ॅस्ट्रोपेक्टेन या वंशाची. हातांच्या कडेने वरच्या व खालच्या तबकड्यांच्या दोन ठसठशीत रांगा दिसतात आणि खालच्या रांगेतून काट्यांची झालर बाहेर येते. लुइडिया हा तसाच वालुकावासी तारामासा, पण त्यात वरची रांग वेगळी उठून दिसत नाही. अ‍ॅस्ट्रोपेक्टेनचे नलिकापाद टोकदार असतात, त्यांना चूषक नसतात. गुदद्वारही नसते, गिळलेल्या शिंपल्यांची कवचे तोंडावाटेच बाहेर टाकली जातात.

प्रजाती ठरवताना रंग व आकार बाजूला ठेवावेत. मद्यार्कात रंग उडतो, आकार वयाप्रमाणे बदलतो. दहापट भिंगाखाली दोन हातांमधली बगल पाहावी. तिथल्या वरच्या रांगेतल्या पहिल्या तबकडीवर उंच, ताठ काटा असतो. दुसरी व तिसरी तबकडी सहसा बोडकी असते, आणि त्यापुढे टोकापर्यंत पुन्हा काटे सुरू होतात. काट्यांच्या रांगेत मध्येच पडलेली ही फट हीच खरी खूण. ट्रॉलच्या जाळ्यात काटे मोडतात, पण काटा बसण्याचा उंचवटा तबकडीवर उरतो. म्हणून बोडकी तबकडी आणि मोडलेल्या काट्याची तबकडी यांत गल्लत करू नये. ही गल्लत वरचेवर होते.

नमुन्यांभोवतीचे फॉर्मालिन आम्लधर्मी झाले की चुन्याच्या तबकड्या झिजतात आणि हे उंचवटेही जातात. नमुने सत्तर टक्के मद्यार्कात ठेवणे बरे.

नावाला व्यवहारातही किंमत आहे. जपानमध्ये तुतारी शंखाचे मांस खाऊन विषबाधा झाली. शंखात ते विष याच तारामाशातून आल्याचे दिसले. केंड माशात असते तेच हे टेट्रोडोटॉक्सिन. म्हणून बगल फुटलेली असेल, तर नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ वंशाचे नाव लिहावे. बंदर, खोली आणि तारीख मात्र प्रत्येक चिठ्ठीवर हवी.